लिओनाचा ओक

लिओना कुबेनाला वेन्डल किती ओळखत होता, असं कुणी विचारलं असतं तर त्याला उत्तर देता आलं नसतं. मध्ये नुसतं तारेचं कुंपण, तरी इतक्या वर्षांत तो तिच्या स्वयंपाकघरात कधी गेला नव्हता. त्याला माहीत होतं ते तिचं झाड.

ते तिच्या मुलाने, डॅरिलने ह्यूस्टनहून ट्रकमध्ये घालून आणलं. वर चिठ्ठी, 'शुमार्ड ओक'. "म्हातारपणी याच्या सावलीत बस," म्हणाला, पोर्चसमोर लावलं आणि गेला. खालच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या पाहून वेन्डलला राहवलं नाही.

"लिओना, हा शुमार्ड नाही, पिन ओक आहे. आपल्या चुनखडीच्या मातीत पिवळा पडेल. ओढ्याकाठच्या शुमार्डचं रोप देतो तुला."

"माझ्या पोराला झाडं कळत नाहीत म्हणतोस?"

"दुकानदाराला कळत नसतील."

"तुला पोरंबाळं नाहीत ना, म्हणून दुसऱ्याच्या पोरांच्या चुका काढतोस."

ते रोप त्याने आपल्याच बाजूला, कुंपणालगत लावलं.

तिचा ओक दर उन्हाळ्यात पिवळा पडे, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची औषधं झाली, व्हिनेगरच्या बादल्या झाल्या. ईस्टरला डॅरिल येणार म्हणून ती कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, भाजायची. तो यायचा नाही. फोनवर मात्र ती त्याला सांगताना वेन्डलला ऐकू यायचं, "छान वाढलाय रे. सावली पडते आता. येऊन बघ."

एका कोरड्या वर्षी झाड वाळलं. तिने ते तोडू दिलं नाही. फोनवरचं बोलणंही बदललं नाही. वेन्डलच्या शुमार्डची सावली दुपारनंतर तिच्या पोर्चवर यायची, तेव्हा ती खुर्ची ओढत उन्हात, त्या वाळक्या काटकीपाशी जाऊन बसायची.

नोव्हेंबरात ती गेली. डॅरिल आला. पोर्चवर उभं राहून त्याने कुंपणावरून झुकलेल्या लालभडक शुमार्डचा फोटो काढला. "आई सांगायची ते खरंच की. मस्त वाढलाय माझा ओक."

वेन्डल कुंपणापलीकडे पानं झाडत राहिला.

लिओनाशी त्याचं शेवटचं बोलणं झालं ते ती जाण्याच्या आदल्या आठवड्यात.

"खुर्ची आत घे, लिओना. ऊन तोंडावर येतंय."

"बरी आहे मी इथं. तुझी पानं माझ्या पन्हाळीत साचलीत. शनिवारी येऊन काढ."

"येतो."

"शिडी तुझी आण. माझी मोडलीय."

"बरं," वेन्डल म्हणाला.