हजेरीत एक जण जास्त

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आले. झाडावरची बाई, पाठीमागून येणारी पावलं... वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी हसायचं. मी HR मध्ये आहे. माणूस एक सांगतो आणि सिस्टीम दुसरंच सांगते, तेव्हा सिस्टीमचं ऐकायचं, हे माझं वर्षानुवर्षांचं धोरण. असल्या सदरासाठी मी कधी काही लिहीन, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्यालाही हसले असते.

मी मूळची नाशिकची, लग्न झाल्यापासून सिल्वासात. नरोली रोडवरच्या एका यार्न फॅक्टरीत — नाव सांगत नाही — HR मॅनेजर आहे. नोकरीला लागले तेव्हा HR म्हणजे मस्टर, रजेचे अर्ज आणि दिवाळीची मिठाई. आता इंटरव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न असतो, कुठलं सॉफ्टवेअर येतं? मी सगळं शिकले, हट्टाने शिकले. माझ्या मागून आलेली पोरं मला 'सिस्टीमवाल्या मॅडम' म्हणतात आणि मला ते आवडतं.

गेटवर चेहरा ओळखणारी हजेरीची मशिनं मीच बसवून घेतली. बोटांचे ठसे चालत नव्हते. धागा हाताळून हाताळून बऱ्याच कामगारांच्या बोटांवर ठसाच उरत नाही. दोन मशिनं — एक आत येताना, एक बाहेर जाताना. चेहरा जुळला की स्क्रीनवर हिरवी चौकट येते, मशीन 'थँक यू' म्हणतं, आणि आत किती माणसं आहेत तो आकडा माझ्या टॅबवर बदलतो. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. पॅकिंगमधल्या इलेक्ट्रिक पॅनेलमधून धूर निघाला आणि शेजारच्या खोक्यांनी पेट घेतला. सायरन झाला. अशा वेळी HR चं काम एकच. बाहेरच्या पटांगणात उभं राहायचं, आत कुणी राहिलं नाही ना हे बघायचं आणि फायर ब्रिगेडला तसं सांगायचं. त्या एका वाक्यावर ते ठरवतात, माणूस शोधायला आत शिरायचं की बाहेरूनच पाणी मारायचं.

माणसं बाहेर पडत होती आणि टॅबवरचा आकडा भराभर उतरत होता. शून्य झाला. मी तोंड उघडणार... तेवढ्यात एक झाला.

सुखदेव. कॉन्ट्रॅक्टचा कामगार, मागच्या ट्यूब स्टोअरमधला. धागा गुंडाळायच्या कागदी नळ्या ठेवतो ना, त्या खोलीला आम्ही ट्यूब स्टोअर म्हणतो. आणि पंच, म्हणजे मशीनवरची नोंद, होता आत येण्याचा. आत्ताचा! सगळी फॅक्टरी बाहेर पळत असताना.

परमारकाका आमचे सिक्युरिटी सुपरवायझर. ते गेटच्या केबिनपाशीच उभे होते. मी ओरडून विचारलं, "काका, आत कोण गेलं?"

"कोई नथी गयो, बेन!" काकांचा चेहरा उतरला होता. "मशीन बोललं खरं, थँक यू. मी वळून जोयुं... समोर कोणीच नाही."

सुखदेव तर रजेवर होता. त्याची आई पडली होती, नंदुरबारकडे गावी; रजा मीच मंजूर केली होती.

आमचे प्लांट हेड — आपण त्यांना साहेबच म्हणू — घामाने निथळत माझ्याजवळ आले. "वैशाली, ग्लिच आहे तो. रजेवरचा माणूस आत कसा असेल? सगळे बाहेर आहेत म्हणून सांग आणि मोकळी हो."

समोर फायर ब्रिगेडचा अधिकारी हेल्मेटचा पट्टा आवळत उभा. "मॅडम, अंदर कोई है? हाँ या ना?"

काय सांगणार? हो म्हणावं तर नसलेल्या माणसासाठी त्याची माणसं धुरात जाणार. नाही म्हणावं तर... मी सुखदेवलाच फोन लावला; नंबर दोनदा चुकला. शेवटी लागला, आणि त्याने उचललाही.

"सुखदेव, कुठे आहेस तू?"

"गावले शे मॅडम. मायना पाय मोडेल शे ना, सुट्टी लियेल शे."

साहेबांनी ते ऐकलं. "झालं समाधान?" म्हणाले. मी फोन ठेवणारच होते. पण सायरन चालूच होता आणि तो त्याला पलीकडे ऐकू गेला.

"मॅडम, भोंगा का बरं वाजी ऱ्हायना?"

"आग लागलीय. पण सगळे बाहेर आलेत, काळजी करू नकोस."

तो एकदम रडायलाच लागला. "मना शालक शे तठे, मॅडम! विजू! मना जागावर ठेयेल शे त्याले... स्टोअरमा!"

मेव्हणा. त्याच्या जागेवर. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नरोलीच्या भाड्याच्या खोल्यांमधून ही रीत चालते, आणि ती मला माहीत असायला हवी होती. रजेवर गेलं की कॉन्ट्रॅक्टर जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. म्हणून गावी जाताना आपलाच एखादा माणूस जागा राखायला उभा करून जायचं. बाकीचं नंतर कळलं: मशीन त्याचा चेहरा घेत नाही, म्हणून विजू रोज कॉन्ट्रॅक्टरच्या टेम्पोत मागे बसून मालाच्या गेटने आत यायचा. त्याला आणणारा कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर तेव्हा टेम्पोबरोबर वापीला गेलेला, आणि स्टोअरमध्ये विजू एकटाच, धुरात अडकलेला. माझ्या लेखी हा माणूस जगातच नव्हता.

"है!" मी किंचाळले. "पीछे, ट्यूब स्टोअर में!"

दोन जवान आत गेले. ते बाहेर येईपर्यंत मी काय केलं, मला आठवत नाही. परमारकाका सांगतात, मी टॅब छातीशी धरून पुटपुटत होते. त्यांनी विजूला उचलून आणलं तेव्हा तो काळा पडला होता, डोळे मिटलेले. मला वाटलं, संपलं. मग तो खोकला. इतका सुंदर खोकला मी आयुष्यात ऐकलेला नाही.

विजू वाचला. बरेच दिवस हॉस्पिटलात होता. आता खडोलीला दुसऱ्या कंपनीत आहे.

राहिला तो पंच. मशीन प्रत्येक पंचाला फोटो काढतं. तो फोटो मी उघडला. कंपाउंडची भिंत, उभ्या केलेल्या मोटरसायकली, ऊन. आणि मधोमध हवेत, माणसाच्या उंचीवर, हिरवी चौकट. खाली नाव — सुखदेव. गेटच्या कॅमेऱ्याचं फूटेज पाहिलं, तिथेही मशीनसमोर कुणी नाही. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर आला. आधी म्हणाला, उन्हाची तिरीप. मग म्हणाला, चुकीचा मॅच. मी विचारलं, चुकीचा मॅच व्हायलाही समोर एखादा चेहरा लागतो ना? दुसऱ्या दिवशी तो न मागता मशीन बदलून गेला.

सुखदेव परत आल्यावर त्यालाही विचारलं. त्या वेळी तू काय करत होतास? काही जाणवलं, काही दिसलं? तो ओशाळून म्हणाला, "काहीच नही मॅडम. मायले चहा दी ऱ्हायंतू."

साहेबांनी रिपोर्टात 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. मीही सही केली, दुसरं काय लिहिणार? पण अजून झोपताना ती भिंत डोळ्यांसमोर येते. तिथे मशीनला काय दिसलं, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते दिसलं नसतं तर टॅबवर शून्यच राहिला असता, आणि मी त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघून, अगदी खात्रीने, सगळे बाहेर आहेत म्हणून सांगितलं असतं.