वन्संनी ठरवलेला ‘पुसा’

आमच्या वन्संना घरातली मुलं ‘करूनबघू आत्या’ म्हणतात. काहीही विचारा, उत्तर एकच: करून बघू. वय बेचाळीस. छापखान्यात अक्षरजुळणीला लागल्या, तिथे संगणक आला तेव्हा तो शिकल्या. पुढे छापखाना बंद पडला, पण यांचं शिकणं काही बंद पडलं नाही. आता स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून शाळांच्या नि दवाखान्यांच्या वेबसाइट सांभाळतात आणि उरलेला सगळा वेळ त्यांच्या पेटीला देतात.

पेटी म्हणजे झाकण काढलेला जुना संगणक. फळीवर ठेवलेला असतो आणि सारखा घुमत असतो. हे काय आहे म्हणून मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला कळेल असं सांगितलं होतं. “वहिनी, एरवी सगळी माणसं एकाच कंपनीच्या आवारात बसून बोलतात. आवारही कंपनीचं आणि कुलूपही कंपनीचं. आमच्यात प्रत्येक गटाचं आपापलं घर असतं, म्हणजे आपापला सर्व्हर. कुणाच्या घराशी निरोपांची ये-जा ठेवायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं.” मी मराठी शाळेत शिकलेली बाई, मला एवढं पुरलं.

आमच्या पेटीवरच्या घराचं नाव माजघर. शिवणवर्गातल्या अडतीस बायका तिथे लिहितात. कंपनीच्या ग्रुपात कुणाचा ना कुणाचा दीर नाहीतर नवरा डोकावायचाच, म्हणून बायकांनीच वन्संना गळ घातली होती. माजघरात लिहिलेलं माजघरातच राहील, हा वन्संनी दिलेला शब्द.

पण पेटी नुसती चालू राहून वन्संचं समाधान होईना. गावातच गाडीवाल्यांचा एक सर्व्हर होता, त्याचं नाव ‘थांबा’. तो एका बॅटरीवाल्याने दुकानात मांडला होता, आणि त्यालाही वन्संसारखीच खोड. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, फोन नंबरही माहीत नव्हता. नुसतं लिहून लिहून ओळख झालेली. दोन सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचं तर शब्द आपलेच हवेत, म्हणून दोघांनी साधे शब्द ठरवले होते. ‘घ्या’, ‘दाखवा’, ‘पुसा’.

त्या बुधवारी अकराच्या सुमारास मी भाजी निवडत होते. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय झालं?”

“चाचणी म्हणून एक ओळ थांब्याला पाठवायची होती. अट उलटी लिहिली गेली. दोन दिवसांत बायकांनी लिहिलेलं सगळं गेलं. एक्केचाळीस निरोप.”

“मग परत बोलवा.”

“परत येत नसतं ते, वहिनी. त्यांच्या घरी त्याच्या प्रती होतात. आपण फक्त पुसा म्हणून सांगू शकतो. एक्केचाळीस वेळा सांगितलं. मधली ये-जाही तोडली. पण तोडेपर्यंत तिकडून ‘पुसलं’ असं एकही उत्तर आलं नव्हतं.” मग हळूच म्हणाल्या, “त्यात शिवणवालीचंही आहे.”

मी हातातली जुडी खाली ठेवली.

शिवणवाली म्हणजे वर्गातली सगळ्यात गप्प बाई. पंधरा दिवसांपूर्वी लेकीला घेऊन नवऱ्याच्या नकळत घरातून निघाली होती, अंगावरचे कपडे नि शिवणाचं मशीन एवढंच घेऊन. कुठे गेली ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मंगळवारी माजघरात लिहिलं: आम्ही दोघी नीट आहोत, बेकरीच्या वर मागची खोली, निळं दार, दुपारी या. तिचा नवरा टेम्पो चालवतो आणि त्याची गाडी उभी असते ती बॅटरीवाल्याच्या दुकानासमोरच्या स्टँडवर.

“आधी तिला कळवा,” मी म्हटलं.

“आधी पुसून टाकू, मग सांगू. उगाच घाबरेल.”

मला ते पटलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून पायात चपला सरकवल्या.

बॅटरीवाल्याच्या दुकानापर्यंतचा रस्ता एरवी वीस मिनिटांचा. कुणाच्या दारात आपणहून न जाणारी बाई त्या दिवशी माझ्यापुढे दहा पावलं होती. मी मागून देवाचं नाव घेत चालले होते आणि खरं सांगायचं तर मध्येच विसरत होते. स्टँडवर चार टेम्पो उभे होते. त्यातला त्याचा कोणता, ते आम्हाला माहीत नव्हतं. कुणाकडे न बघता चालायचं म्हटलं की मान आपोआप तिकडेच वळते.

बॅटरीवाला पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. वन्संनी नाव सांगितलं तसा खुर्चीवरून उठलाच.

“माजघर तुम्ही होय? या, बसा ना. मला वाटलं होतं, कॉलेजातली मुलगी असेल.”

“सकाळी माझ्याकडून चुकून एक्केचाळीस निरोप आलेत. ते पुसायचे होते.”

“तेच म्हणतोय मी. सकाळपासून पुसा, पुसा. कुणाला पुसू, काय पुसू? सगळे वाचून काढले तरी पत्ता लागेना.”

 मलाच वन्संच्या आधी कळलं, कारण माझी आईपण तसंच बोलायची. बाहेर निघालीस तर वडलांना पुसून जा.

“अहो, तुम्ही पुसा म्हणजे विचारा असं धरलंत का?” मी म्हटलं.

“मग दुसरं काय?” तो म्हणाला. “दुकानात चार दिवस आलो नाही तर कुणी पुसत नाही म्हणतो आपण. म्हणून मी त्याची तशी सोय केली. पुसा आलं की तो निरोप बाकीच्यांपासून झाकायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा. चौकशी करा म्हणून.”

“मी फळ्यावरचं पुसतात ते म्हणत होते,” वन्सं म्हणाल्या.

दोघंही महिनाभर एकच शब्द वापरत होते आणि दोघांनाही आपला नीट जुळलाय असं वाटत होतं. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसले असते.

“म्हणजे गाडीवाल्यांना ते दिसलं नाही?” वन्संनी विचारलं.

“पुसा येईपर्यंत दिसत होतं. पंचवीस मिनिटं. त्या वेळात कुणी उघडल्याची नोंद नाही, हे बघा.” त्याने पडदा वळवला. वन्संनी वाकून ओळ अन् ओळ वाचली आणि पहिल्यांदाच श्वास सोडला. त्याने आमच्यादेखत एक्केचाळीसही एकेक करून काढून टाकले, त्यात तास-दीड तास गेला. शेवटचा काढता काढता म्हणाला, “त्या बेकरीचं मात्र मी विचारलं बरं का.”

“कुणाला?”

“स्टँडवरच्या एकाला. म्हटलं, बेकरीवर कुणी दोघीजणी राहायला आल्यात का, कुणी चौकशी करतंय. तो म्हणाला, मला माहीत नाही, विचारून सांगतो.”

 त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटतं त्यालाही तेव्हाच कळलं. तो म्हणाला, “त्याला परत बोलावून सांगतो, चूक झाली म्हणून.” वन्सं म्हणाल्या, “नका. आणखी कुणालाच काही विचारू नका.”

बेकरीकडे आम्ही रिक्षाने गेलो. जिना अरुंद, पिठाचा वास. निळ्या दाराआड मशीन चालू होतं, म्हणजे ती घरात होती. दार उघडायच्या आधी तिने आतून दोनदा कोण म्हणून विचारलं.

वन्संनी काही न लपवता सगळं सांगितलं. उभ्यानेच. ती खाली मान घालून ऐकत होती, हातातल्या कापडाची घडी घालत. घडी झाली, तिने ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

“सकाळी अकरालाच कळलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“आता पावणेदोन झाले.”

“मला वाटलं, पुसून झालं की सांगावं. उगाच तुम्ही घाबराल.”

“घाबरायचं की नाही ते मला पुसायचं होतं ना, ताई.” ती आवाज न चढवता बोलली. “पावणेतीन तास. मी खिडकी उघडी टाकून शिवत बसले होते.”

 वन्सं खिडकीपाशी गेल्या, मग लोटायची की नाही हे न कळून तशाच थांबल्या आणि वळून म्हणाल्या, “लोटू का?”

“लोटा.”

 खाली एखादी गाडी थांबली की तिघींचेही कान तिकडे. वन्सं म्हणाल्या, “माझ्या खोलीत राहायला याल का? मी वहिनींच्या मुलांबरोबर झोपेन. दार आतून लागतं.” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही आधी विचारलं नव्हतंच. मी मान हलवली.

“लेकीला पुसून सांगते,” शिवणवाली म्हणाली.

शाळा सुटायला अजून तास होता. आम्ही त्याआधीच शाळेत गेलो आणि पोट दुखतंय म्हणून मुलीला वर्गातून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं कारण लिहून दिलं, देव बघून घेईल. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मशीन पण येईल ना?”

मशीन आलं. ते आणायला माझे यजमान गेले. बेकरीतल्या माणसाने त्यांना सांगितलं की तासाभरापूर्वी कुणीतरी येऊन वरच्या बायकांबद्दल विचारत होतं. टेम्पोवाला होता की दुसरा कुणी, ते त्याने नीट पाहिलं नव्हतं.

याला आता दोन महिने झाले. पेटी माझ्या फडताळावर आलीय, डब्यांच्या शेजारी. थांब्याशी ये-जा पुन्हा सुरू केलेली नाही. त्या दिवशी दिलेल्या फोन नंबरवर बॅटरीवाला अधूनमधून लिहितो, वन्सं उत्तर देत नाहीत, पण वाचतात. पुसून टाकण्याच्या हुकमाला आता ‘काढून टाका’ असं नाव आहे. ‘पुसा’ हा शब्द त्यांनी दुसऱ्या कामाला लावला: कुणाचंही लिहिलेलं माजघराबाहेर जायचं असेल तर पेटी आधी लिहिणारीला पुसते आणि हो आल्याशिवाय थांबून राहते. हे करताना वन्संनी रोज प्रत्येक ओळ शिवणवालीला वाचून दाखवली. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे. पण एकदा ती म्हणाली, “आणि मी नाही म्हटलं तर? ते कुठे लिहिलंय?” ते लिहिलेलंच नव्हतं. वन्संनी पेन्सिल घेतली.

वन्संच्या खोलीत आता शिवणवालीचं मशीन चालू असतं. रस्त्यावर टेम्पो हळू झाला की ते थांबतं. तो पुढे निघून गेला की पुन्हा सुरू होतं.