बिनचौकटीचं दार

गाडीचं दार उघडलं आणि काच आपोआप बोटभर खाली गेली, तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं दोन पावलं मागं सरली. "आयला, हिला कुणी सांगितलं खाली जा म्हणून?" माझ्या मामांनी विचारलं. दार सताड उघडं आणि काचेच्या भोवती काहीच नाही. पत्रा नाही, चौकट नाही, काच नुसती उभी. पोह्यांसाठी काढलेल्या बशा हातात घेऊन मी घराच्या दारातून बघत होते आणि खरं सांगते, मीही हबकले.

मला बघायला येण्याचा कार्यक्रम होता तो. कुंडलजवळच्या आमच्या गावात साताऱ्याहून मुलगा, त्याचे आईवडील आणि नवीकोरी गाडी असे सगळे आले होते. माझी तिशी जवळ आली होती. शिरवळच्या कारखान्यातली माझी नोकरी चांगली चालली होती, माझी जुनी छोटी गाडी मी स्वतः चालवत शनिवार-रविवार घरी यायचे, आणि मला लग्नाची काडीचीही घाई नव्हती. घाई होती आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना. मी एकुलती एक. आधीची स्थळं काही ना काही कारणानं फिसकटली होती आणि प्रत्येक वेळी आप्पा थोडे गप्प होत गेले होते. हे स्थळ मामांनी आणलेलं. मुलगा दिसायला नीट, शिकलेला, घर चांगलं. "ह्या टायमाला जमलं पायजे," असं आप्पा सकाळपासून चार जणांना तरी म्हणाले असतील. नवा पांढरा सदरा घालून ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. मला त्यांची कीव येत होती आणि रागही.

पोहे झाल्यावर आम्हा दोघांना बोलायला म्हणून परसात खुर्च्या टाकून दिल्या. मला वाटलं, नोकरीचं विचारेल, आवडीनिवडी विचारेल. त्यानं गाडीचं सांगितलं. चौकट नसली की गाडी कशी मोकळी दिसते, हल्लीच्या नव्या गाड्यांत हेच कसं चाललंय, हायवेला वाऱ्याचा आवाज येतो म्हणणारे लोक कसे जळके असतात. "ज्यांच्याकडं नाही ना, तेच असली मतं देत फिरतात," तो म्हणाला.

"आणि त्या काचेच्या कडेनं धूळ येईल, तिचं काय?" मी विचारलं.

"मी धुळीत गाडी नेतच नाही."

"मग इथं कशी आणलीत?"

बाहेर रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि परसातल्या तुळशीवरसुद्धा धुळीचा थर होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. तोही हसला. स्वयंपाकघराच्या खिडकीत आप्पा उभे होते. मी हसताना त्यांनी पाहिलं आणि चटकन बाजूला झाले.

त्यानंतर सगळे पुरुष गाडी बघायला बाहेर गेले. आता आमच्याकडं नवी गाडी बघायची म्हणजे काय, तर दार आपटून बघायचं. बाकी किंमत, इंजिन, टीव्हीएवढा पडदा, ते सगळं नंतर. दाराची चौकट वरून धरायची, दार जोरात लावायचं आणि कान देऊन ऐकायचं. धप्प वाजलं तर गाडी दणकट, खळ्ळ वाजलं तर पत्र्याचा डबा. गल्लीत आलेल्या प्रत्येक गाडीचा निकाल आप्पांनी असाच दिलेला आहे. सैन्यात त्यांनी उभी हयात ट्रक चालवले, त्यामुळं हा मान त्यांचाच. "आप्पा, वाजवून बघा की," मामा म्हणाले.

मुलगा पुढच्या बाजूला कुणाला तरी दिवे दाखवत होता. आप्पांनी दार पूर्ण उघडलं, सवयीनं वर हात नेला, हाताला काच लागली. त्यांनी काचेलाच धरलं आणि ताकदीनं दार आपटलं.

धप्प असा आवाज आलाच नाही. आधी करकर, मग टक्. काच तिरकी झाली होती.

आप्पा आपल्या हाताकडं बघत राहिले. मुलगा धावत आला, त्याचा चेहरा क्षणभर असा झाला की मला वाटलं आता हा ओरडणार. पण नाही. तो हसला. "असू द्या हो काका, काही होत नाही," म्हणाला. आत बसून त्यानं बटण दाबलं, काच कुरकुरत वर गेली. "बघा, झाली सरळ!" सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो त्या वेळी आवडला, उगाच खोटं कशाला बोलू. काचेवर आप्पांची बोटं उमटली होती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पुसायला गेले, तर मुलगा घाईनं म्हणाला, "टॉवेलनं नको काका, ओरखडे पडतात." आप्पांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला.

मग मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही जरा आपापसात बोलून घेतो." तिघंही गाडीत जाऊन बसले. दारं लावली, काचा वर. आमची गल्ली अरुंद. गाडी आमच्या कट्ट्याला इतकी खेटून होती की कट्ट्यावर बसलेल्याच्या गुडघ्याला तिचं दार लागावं. बाकीची माणसं शिस्तीत नळापाशी जाऊन उभी राहिली. आप्पा कट्ट्यावर बसले. मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तिथंच थांबले.

काच सरळ झाली नव्हती. आतून दिसत नसेल, पण मागच्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली होती. गाडी बॅटरीवरची, इंजिनाची घरघर नाही. आतलं बोलणं असं ऐकू आलं, जसं काही ते आमच्या घरात, पुढच्या सोप्यातच बसलेत.

"पोरगी बरी आहे," मुलाची आई म्हणाली. "पण बाप बघितलास का? तो टॉवेल!"

"घामाचा टॉवेल," मुलगा म्हणाला. "लग्नात त्याला गाडीपासून लांब ठेवा म्हणजे झालं." आणि तिघंही हसले. चांगले खळखळून हसले.

"एकदा लग्न झालं की येणंजाणं बेतानंच ठेवायचं," वडिलांचा आवाज. "एकुलती आहे. जमीन कुठं जात नाही."

मी तांब्या कट्ट्यावर ठेवला. इतकी गोड माणसं, मघाशी माझ्या आईला वहिनी-वहिनी म्हणणारी, पोहे दुसऱ्यांदा मागून घेणारी! मी आप्पांकडं पाहिलं. ते समोर नळाकडं बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. इंजिनांच्या आवाजानं त्यांचे कान मंद झालेत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ऐकलेलं नाही, असं मी मनाशी धरून चालले आणि देवाचे आभार मानले.

दारं उघडली. काच पुन्हा शहाण्यासारखी खाली गेली. मुलाचे वडील हसत उतरले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "आम्हाला पसंत आहे! नारळ आणा."

आप्पा उठले. त्यांनी हात जोडले. "आणतो, आणतो," म्हणाले आणि घरात गेले. मामांनी टाळी वाजवली, आई पदरानं डोळे पुसायला लागली. एकदा नारळ हातात पडला की शब्द पक्का, मग मागं फिरणं नाही. माझ्याकडं आप्पा आत जाऊन बाहेर येईपर्यंतचाच वेळ होता.

"तुमची काच लागली नव्हती," मी म्हणाले.

मुलाला कळलं नाही. "काय?"

"काच. मागं फट राहिलीय. टॉवेल, येणंजाणं, जमीन, सगळं ऐकू आलं."

त्यानं वळून काचेकडं पाहिलं. आधी काचेकडं, हे माझ्या चांगलं लक्षात आहे. त्याची आई म्हणाली, "अगं, आम्ही आपली गंमत करत होतो." मामा "कसली काच? काय झालं?" असं प्रत्येकाला विचारत होते. आई मला गप्प बस म्हणून खुणावत होती. आणि तेवढ्यात आप्पा नारळ घेऊन बाहेर आले.

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण आप्पांनी काय झालं असं विचारलंच नाही. त्यांनी नारळ कट्ट्यावर ठेवला. "जपून जावा," ते म्हणाले. "हायवेला वारं लागंल त्या फटीतनं."

मुलानं दार आपटलं. त्याच्याच गाडीचं, पूर्ण ताकदीनं. धप्प.

गाडी आवाज न करता गल्लीच्या तोंडाशी वळली. माणसं पांगली. मामा पुढचा महिनाभर बोलणार नाहीत, हे दिसतच होतं. मी कट्ट्यावर आप्पांच्या शेजारी बसले.

"दार दणकट हाय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"व्हय की."

"सगळं?"

"समदं."

"मग नारळ कशाला आणायला गेलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केली, परत खांद्यावर ठेवला. "मला वाटलं, तुला न्हाई ऐकू आलं. मला बोलले, बोलू देत. तू मघाशी परसात हसत हुतीस, बाळा. लय दिसानं हसताना बघितलं. म्हटलं, पोरीला आवडलाय."

"मी त्याला नाही हसले, आप्पा," मी म्हणाले. "त्याच्या त्या काचेला हसत होते."