कुणी ‘कट’ म्हटलंच नाही

मंडळी, आज माझ्या हातून एक माणूस दीड तास खोलीत कोंडला गेला.

चार वर्षांपासून मी एका अवघड कादंबरीवर फिल्म करतोय. तिच्यात एक माणूस खोलीबाहेर पडत नाही, बस्स, एवढंच घडतं. शूटिंग उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत. तो माणूस करतात खुलताबादचे बाबूराव काका, रिटायर्ड पोस्टमन. बाकी टीम केव्हाच सोडून गेली.

एकटेपणा खरा वाटावा म्हणून मी कॅमेरा चालू करतो, बाहेरून कडी लावतो आणि निघून जातो. दहा मिनिटांनी दार उघडून ‘कट’ म्हणतो.

आज खाली चहा पिताना कादंबरी उघडली. त्यातलं एक वाक्य अकरा पानं चालतं. ते पडद्यावर कसं आणायचं, या नादात काका डोक्यातून साफ गेले.

आठवलं तसा धावत वर गेलो. मेमरी कार्ड भरून कॅमेरा बंद पडलेला. काका घामानं निथळत खुर्चीतच, भिंतीकडे बघत.

“काका, आवाज तरी द्यायचा!”

“तुम्ही कट कुठं म्हणले?”

“अहो, पण कॅमेरा बंद होता!”

“ते दिसलं की. रेकॉर्डिंगचा लाल दिवा गेला तव्हाच.” काका घटाघटा पाणी प्यायले. “म्हणलं, सर चार वर्षं या फिल्मपायी बसलेत, मला दीड तासानं काय होतंय?”

तेव्हापासून ही पोस्ट लिहीत बसलोय.

तुम्ही इतकी वर्षं माझ्या पोस्ट वाचताय. खरं सांगा, माझा लाल दिवा कधी गेला?