पापणी उघडली तेव्हा

सरूबाईंची डावी पापणी आज सकाळी तांदळाच्या दाण्याएवढी उघडली आणि मी, त्यांचा डॉक्टर, नुसता बघत राहिलो.

परवा गवत कापताना त्यांना नाग चावला. या विषाची रीत अजब असते. मज्जातंतू निरोप पाठवतच राहतो, पण स्नायूवर तो निरोप घेणाऱ्या जागा विष आधीच अडवून बसतं. कुलपात कुणी काडी मोडून ठेवावी, तसं. पापणी उचलत नाही, जीभ हलत नाही, श्वासही यंत्राने द्यावा लागतो. आतला माणूस मात्र बऱ्याचदा जागा असतो, सगळं ऐकत असतो.

हे त्यांच्या नवऱ्याला सांगायला हवं होतं. पण काल रात्री गणपतराव उशाशी बसून बोलू लागले आणि मी गप्प राहिलो.

"भाकरी खरखरीत झाली म्हणायचो ना रोज? खोटं बोलायचो गं. तुझ्या भाकरीशिवाय घास उतरत नाही."

मनात आलं, इतकी वर्षं यांच्या कुलपात कोणती काडी अडकली होती?

संध्याकाळी सरूबाईंच्या घशातली नळी काढली. घोगऱ्या आवाजात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता डोळे उघडे आहेत माझे. भाकरीचं ते परत म्हणा."