पालखीच्या वाटेवरचा नळ

आमच्या प्लॅनिंग खात्यातल्या सॉफ्टवेअरच्या लेखी पाईपलाइन म्हणजे पडद्यावरची एक आडवी पट्टी. पट्टीवर रंगीत तुकडे असतात. हिरवा म्हणजे माल वाहतोय, निळा म्हणजे लाइन धुणं चाललंय, करडा म्हणजे दुरुस्ती. कुठे पांढरं दिसलं की त्या प्रोग्रॅमला चैन पडत नाही, लगेच काहीतरी आणून कोंबतो. फ्रीजमध्ये कोपरा मोकळा दिसला की कालचं वाटीभर वरण नेऊन ठेवणाऱ्या बायका असतात, त्यातला तो. खाडीकाठच्या एका केमिकल कंपनीत मी त्याच्यासमोर बसते. जेट्टीला जहाज लागलं की कुठला माल कुठल्या लाइनमधून कुठल्या टाकीत कधी न्यायचा, हे ठरवणं माझं काम. म्हणजे आता ठरवतो तोच, मी मागून निस्तरत बसते.

लोकांना वाटतं की पंप बंद केला की लाइन रिकामी होते. तसं नसतं. पंप थांबला तरी लाइनच्या पोटात माल तसाच पडून राहतो, मागून दुसरा माल येऊन त्याला पुढे ढकलेपर्यंत. खरोखर रिकामी करायची तर आत रबराचा गोळा घालून नायट्रोजनच्या दाबाने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवावा लागतो. त्यात कामाची अख्खी पाळी जाते. म्हणून कुठलाही शहाणा प्लॅनर विनाकारण लाइन रिकामी करत नाही, आणि प्रोग्रॅम तर मुळीच करत नाही.

आम्ही मात्र वर्षातून एकदा करायचो, शिमग्यात.

जेट्टीवरून येणारी एक लाइन माझ्या सासरच्या गावाचा रस्ता ओलांडते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी खांब, वर आडवा पूल आणि पुलावर तो पाईप. गाव त्याला नळ म्हणतं. नळाच्या अलीकडे देऊळ आणि सगळं गाव, पलीकडे आमची वाडी, इनमीन चार घरं. वाडीच्या एका बाजूला कंपनीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला खाजणाचा चिखल, त्यामुळे यायला दुसरी वाट नाही. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते, ती आमच्याकडे यायची तर नळाखालूनच यावी लागते.

तो पूल उभा राहायचा होता तेव्हा मी या घरात नवी होते आणि कंपनीतही नवी. देवळात गावकीची बैठक बसली. देवीच्या डोक्यावरून कसलंकसलं केमिकल वाहणार, हे कुणालाच पटेना. कुणी म्हणालं नळ जमिनीखालून न्या, कुणी म्हणालं नेऊच नका. बोलणी फिसकटायच्या बेतात आली तेव्हा माझे सासरे उठले. त्यांना मी मामा म्हणते. भातशेती करणारा माणूस, बैठकीत कधी तोंड न उघडणारा. ते म्हणाले, "पालखी खालना जाईल तवा नळ रिकामा असंल. माझी सून तितं कामाला हाय. जबाबदारी माझी." देवीपुढे नारळ ठेवून त्यांनी शब्द दिला. कंपनीचे तेव्हाचे साहेब तिथेच बसले होते, त्यांनीही मान डोलावली. कागदावर काही झालं नाही.

मला आधी कुणी विचारलंही नव्हतं. मामांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. नोकरी माझी, शब्द यांचा. नवऱ्यापाशी मी खूप धुसफुस केली. तो न्हावा शेवाला कंटेनर यार्डात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. "बापाने दिला ना शब्द, आता बघ तू," एवढं बोलून तो मोकळा झाला.

पण पुढची कितीतरी वर्षं ते काम सोपंच होतं. तेव्हा सगळं प्लॅनिंग भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आणि फोनवर चालायचं. शिमगा जवळ आला की साहेब आपणहून विचारायचे, "तुमच्या देवीचा दिवस कुठला?" मी सांगायचे. ते फळ्यावर त्या लाइनपुढे मोठी काट मारायचे आणि विषय संपायचा. पालखीच्या दिवशी मी अर्धी रजा घेऊन दुपारी घरी जायचे. मामा ओटीवर धुतलेले कपडे घालून तयार असायचे. मी चपला काढायच्या आतच विचारायचे, "नळ रिकामा हाय ना, बाय?" मी हो म्हटलं की ते टोपी नीट करायचे आणि पालखी आणायला सामोरे जायचे.

ते येणं काय असायचं, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पुढे ढोल-सनईचा खालू बाजा, मागे मुंबईहून आलेले चाकरमानी, आणि मध्ये नाचत येणारी पालखी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे देवीची ओटी मीच भरायची. मामा वर्षभर घुम्यासारखे असत. जेवताना मीठ हवं असलं तरी खुणेने मागत. तो माणूस त्या दिवशी पालखी खांद्यावर घेऊन अंगणभर नाचायचा, तोंडाने काहीबाही ओरडायचा, आणि पालखी पुढच्या घरी निघाली की डोळे पुसायचा. मला देवाधर्माचं फार नाही. पण त्या दिवसाची मीसुद्धा वाट बघायला लागले होते. अंगण सारवून ठेवायचे, पुरण घालायचे, आणि दिलेल्या शब्दाचा राग कधी विरला ते मलाच कळलं नाही.

मग जुने साहेब निवृत्त झाले, फळा उतरला आणि सॉफ्टवेअर आलं. लाइन बंद ठेवायची तर कारण निवडावं लागतं. कारणांची यादी तयारच असते: दुरुस्ती, तपासणी, धुणं, वीज नाही. त्यात पालखी कुठली असणार? दुरुस्ती लावली की लाइन आधी रिकामी करतात, पण दुरुस्तीही दोन प्रकारची. पक्की दुरुस्ती टाकली की ती कुणी हलवू शकत नाही, पण त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. हलती दुरुस्ती कुणीही टाकावी, पण अडचण आली की प्रोग्रॅम ती पुढेमागे सरकवतो. नवे साहेब बाहेरगावचे, कामाला चोख. त्यांच्यापुढे देवीची गोष्ट काढायला मला संकोच वाटला. मी दर शिमग्याला हलती दुरुस्ती टाकायचे आणि पालखी येऊन जाईपर्यंत त्या करड्या तुकड्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचे. सरकला की परत जागेवर आणून ठेवायचे. दोनेक वर्षं निभावलं.

त्या वर्षी माणगावला माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिला माझ्याशिवाय कोण आहे? रजा घेऊन गेले. जाताना तुकडा जागेवर आहे हे बघून गेले होते. पण मागे एक जहाज उशिरा आलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने नेहमीप्रमाणे सगळ्या आठवड्याचं वेळापत्रक नव्याने काढलं. प्रोग्रॅमने हलती दुरुस्ती शिमगा उलटल्यावर नेऊन ठेवली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या मुलीचंही नाही. तिच्या लेखी तो एक करडा तुकडा होता.

पालखीच्या दिवशी सकाळी मी माणगावहून थेट कामावर आले. पडदा उघडला तर आमच्या लाइनची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार. जहाज जेट्टीला लागलेलं होतं आणि माल सुरू होता.

साहेबांकडे गेले आणि अखेर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाले, "मॅडम, आत्ता पंप थांबवला तरी लाइन संध्याकाळपर्यंत रिकामी व्हायची नाही. आणि जहाज अर्धं रिकामं करून अडवून ठेवलं तर वर मी काय सांगू?" ते बरोबरच होतं. मी दाराशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "पाईपला खिडकी नसते. कुणाला कळणार आहे?"

तेही बरोबरच होतं. घरी जाताना पुलाखाली मी गाडी थांबवली आणि मान वर करून पाहिलं. पाईप रोज दिसतो तसाच दिसत होता. भरलेला पाईप आणि रिकामा पाईप खालून सारखेच दिसतात.

मामा ओटीवर बसले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी सत्यवचनी बाई आहे असं मुळीच नाही. ऑफिसात दिवसातून दहा वेळा 'हो, पाठवलंय' म्हणते आणि मग पाठवते. त्या दिवशीही घरी पोचेपर्यंत माझं 'हो'च ठरलेलं होतं. पण ते इतक्या भरवशाने विचारत होते, मी काय म्हणणार हे धरून चालून आधीच टोपीला हात लावत होते, की माझ्या तोंडून निघालं, "नाही मामा. भरलेला आहे."

चपला घालून ते झपझप चालू लागले, आणि मी मागून पळत गेले. पालखी नळाच्या अगदी जवळ आली होती. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर केला. बाजा थांबला. "नळ भरलेला हाय," ते म्हणाले. "माझ्यानं शब्द पाळवला न्हाय."

मानकऱ्यांनी आपसात विचार केला. तिथेच रस्त्यावर आमच्या वाडीचे नारळ फोडले, मी घाईघाईत तिथेच ओटी भरली, आणि पालखी माघारी फिरली. कुणी मामांना बोल लावला नाही. उलट लोक म्हणत होते, असा माणूस आजच्या काळात मिळायचा नाही. पाया पडणारेसुद्धा निघाले. मामा मान खाली घालून उभे होते. त्या वर्षी पालखी त्यांच्या खांद्यावर आलीच नाही.

मला वाटलं, एक वर्ष चुकलं, पुढच्या वर्षी भरून काढू. पुढच्या शिमग्याला मी साहेबांकडून पक्की दुरुस्ती मंजूर करून घेतली. कशाची दुरुस्ती, तिथे 'इतर' लिहिलं, त्यांनी काही न विचारता सही केली. लाइन आदल्या दिवशीच रिकामी झाली. मामा गावकीला सांगायला गेले आणि पडल्या चेहऱ्याने परत आले. देवी एकदा त्या जागेवरून माघारी वळली, आता तिला न विचारता पुन्हा कसं न्यायचं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पुजाऱ्याने देवीला कौल लावला. कौल डावा झाला, म्हणजे देवीचा नकार. त्याच्या पुढच्या वर्षीही डावाच झाला. मग कौल लावणंही थांबलं. पालखी नळापर्यंत येते, वाडीची माणसं तिथे येऊन नारळ देतात, ती वळते. नवीन पोरांना तर वाटतं की पहिल्यापासून असंच आहे.

आता तर कंपनीने दुसरीकडून मोठी लाइन टाकली आहे. पुलावरचा तो नळ कायमचा बंद आहे, वर्षाचे बारा महिने कोरडा. पडद्यावर त्याची पट्टी अजून आहे, पांढरी, आणि प्रोग्रॅमसुद्धा तिच्यात काही कोंबायला जात नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टेबलावर डोकं टेकून रडले. शेजारची मुलगी पाणी घेऊन आली. तिला काय सांगणार?

मामा आता थकलेत. गेल्या शिमग्याला त्यांनी हट्ट धरला, पालखी अंगणात नाचताना एकदा बघायचीये. मी त्यांना हाताला धरून नळ ओलांडून गावात, त्यांच्या चुलतभावाच्या घरी घेऊन गेले. पालखी तिथल्या अंगणात आली तेव्हा चुलतभावाने आपला खांदा काढून घेतला आणि मामांना पुढे बोलावलं. मामांनी हात जोडले, पण पुढे गेले नाहीत. "ज्याच्या दारात आली त्यानं नाचवायची," एवढंच म्हणाले. दुसऱ्याच्या दारात, भिंतीला टेकून, पाहुण्यासारखे उभे राहिले.

उन्हं कलताना आम्ही घरी निघालो. पुलाखाली ते दम खायला थांबले. इतकी वर्षं मनात घोळत होतं ते मी तिथे बोलले. "मामा, त्या दिवशी मी रिकामा आहे म्हणायला हवं होतं."

ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. खरं बोललीस तेच बरं केलंस असं म्हणतील, चारचौघांत ते माझ्याबद्दल अभिमानाने सांगत आले होते तसं.

"व्हय," ते म्हणाले. "तेवढा एक डाव खोटं बोलायचं व्हतंस, बाय."