दिवाणावर बसून आलेले फोड

आधीच सांगते, आमच्या घरात असलं काही चालत नाही. मी शाळेत गणित शिकवते, मिस्टरांचं द्वारका चौकाजवळ ट्रकच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. नवीन गाडीसुद्धा आम्ही पितृपक्षात घेतली, त्यावरून सासरच्यांचं वर्षभर ऐकून घेतलं. तरी हे लिहितेय, कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

मुलगी जुई बांगलादेशात एमबीबीएसला. तिकडे आंदोलन पेटलं, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद. एकदाच कसाबसा फोन लागला — "आई, हॉस्टेल रिकामं करायला लावलंय, आम्ही पाच जणी बॉर्डरकडे निघतोय." पुढे दीड दिवस काही नाही...

आणि घरात काय? मिस्टर दिवाणावर! दुकान बंद, हातात रिमोट, टीव्हीवर तीच जळती बस पुन्हा पुन्हा. चहा तिथे, पोहे तिथे. नातेवाइकांचे फोन मी घ्यायचे, तिची ॲडमिशन करून दिलेल्या, आता फोन न उचलणाऱ्या एजंटला मी शोधायचं. "इतक्या लांब पोरगी पाठवलीच कशाला?" हे प्रत्येकाने मलाच विचारलं. पाठवली यांनी! मी नकोच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी समोरच मेथी निवडत होते. हे एकदम ओरडले, "आई गं!"

"आता काय झालं?"

"टाच... डावी टाच बघ."

टाचेला रुपयाएवढा फोड, तोही फुटलेला. मी चिडलेच. "कुठे गेला होतात?"

"अगं, कुठे जाणार? तुझ्यासमोर तर बसलोय."

ते खरंच होतं. बाथरूम सोडलं तर हा माणूस कालपासून उठलाच नव्हता. चहा सांडला असेल म्हणून चादर चाचपली... कोरडी.

दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

"नवीन बूट घालून एवढं चालायचं असतं का?" डॉक्टर म्हणाले. "त्र्यंबकेश्वरला पायी गेलात की काय?"

"टीव्ही बघत होते," मी म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच लपवतेय!

साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन. जुई! "आई, आलो आम्ही आपल्या हद्दीत." मी रडतेय, हे रडतायत, आणि टीव्ही बंद करायचं कोणाला सुचत नाही.

तीन दिवसांनी ती घरी आली. रस्ता अडवलेला म्हणून ड्रायव्हरने मध्येच उतरवलं होतं, तिथून सामान घेऊन पाच तास चालल्या. बुटांचे तळ निघालेले. मैत्रिणींच्या पायांना बँडेज. मी हिचे पाय उलटेपालटे करून पाहिले — साधा ओरखडा नाही.

यांचं ड्रेसिंग तीच करायला बसली. पाय मांडीवर घेतला आणि थांबली.

"पप्पा, आधी डावी टाच दुखली ना? अकराला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिकडे साडेअकरा वाजले होते, म्हणजे आपले अकरा. बूट इतका चावत होता की मी रस्त्यात बसून रडले. म्हटलं, पप्पा, आता नाही चालवत... आणि एकदम दुखायचं थांबलं. मग शेवटपर्यंत काहीच दुखलं नाही."

मी खोदून खोदून विचारलं, "तुम्ही मनात काही मागितलं होतं का?"

"सोड ना आता," एवढंच म्हणाले. जुई डॉक्टर होणार, तर तीही नुसती मान हलवते.

फोड बरे झाले. नख अजून नीट आलेलं नाही. हे कसं झालं ते मला आजही कळलेलं नाही, कोणाला कळलं तर जरूर सांगा. पण खरं सांगू? मला भीती नाही वाटत, राग येतो. ते दीड दिवस मीही जीव मुठीत धरून घरभर फिरत होते. मीही तिची आईच आहे ना... मग माझ्या पायाला एकही फोड का नाही?